नेब्रास्काचे एक मत

मी एक जुना फलक आहे. पाइनच्या दांड्यावर ठोकलेली निळी फळी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात 'नेब्रास्का', अमेरिकेतल्या आमच्या राज्याचे नाव. चाळीस वर्षांपूर्वी ऑरव्हिलने मला आपल्या गॅरेजमध्ये बनवले. मित्रांनो, माझा पक्ष एवढा लहान आहे, की त्याचे नाव सांगितले तर आमच्या गावातलेही डोके खाजवतात. तरी दर चार वर्षांनी तो अधिवेशन भरवतो, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडतो, आणि तिथे प्रत्येक राज्याची माणसे आपापल्या फलकाखाली बसतात. ते तीन दिवस माझा थाट काय विचारता! एरवी ऑरव्हिलची बायको व्हर्ना मला परसात रोवते आणि माझ्या दांड्याला टोमॅटोची रोपे बांधते.

पूर्वी माझ्याखाली चौदा खुर्च्या असत. ऑरव्हिल गेला, बाकीचे थकले. यंदा एकटी व्हर्नाच निघाली. मला गाडीत ठेवताना तिचा दीर गस म्हणाला, "वहिनी, तुमचा अख्खा पक्ष एका पिकअपमध्ये मावेल!"

"मावू दे की. तेवढंच पेट्रोल कमी!"

घरी राहिलेल्या अकरा सभासदांनी ठराव केला होता, की मत उमेदवार ह्रुस्का मास्तरांना द्यायचे. पण दुसरी उमेदवार होती कॅन्ससची लोरेन, व्हर्नाची जिवलग मैत्रीण. पक्षाचे नाव मतपत्रिकेवर यावे म्हणून दोघींनी तीस वर्षे बर्फात उभे राहून लोकांच्या सह्या गोळा केल्या होत्या.

मतांसाठी एकेका राज्याचा पुकारा सुरू झाला. नेब्रास्काचे नाव आले आणि व्हर्नाने लोरेनकडे पाहिले. "आम्हाला शेवटी घ्या," एवढेच ती म्हणाली. शेवट आला तेव्हा फळ्यावर तीस-तीस मते होती. उरलेले एकच मत माझ्याखाली बसले होते.

लोरेन हळूच जवळ आली. "व्हर्ना, तुझे ते अकरा जण इथं बघायला थोडेच आलेत?"

"ते आले नाहीत म्हणून तर मला पाठवलंय गं." व्हर्नाचे डोळे भरले होते.

तिने मला उंच उचलले. "मक्याचं, वाऱ्याचं आणि आमच्या ऑरव्हिलचं राज्य नेब्रास्का आपलं एक मत ह्रुस्कांना देतंय!"

सभागृह दणाणले. मी आयुष्यात एवढा ताठ कधी उभा राहिलो नव्हतो. ह्रुस्कांच्या विजयाची मिरवणूक निघाली तेव्हा माझ्या दांड्यावर आणखी एक हात आला. तो लोरेनचा होता.

"सोड जरा, दमलीस. आणि सह्यांना कधी येऊ ते सांग."

"रागावली नाहीस?"

"रागावलेय की! म्हणून कॉफीचा थर्मास या वेळी तू आणायचास."

आता मी पुन्हा परसात टोमॅटो सांभाळतो आहे. काल गस कुंपणाशी येऊन घुटमळला. "वहिनी, सभासद व्हायला काय करावं लागतं?"

मित्रांनो, कुणी विश्वासाने आपला शब्द तुमच्या हाती दिला, तर तो जसाच्या तसा पोचवा. आणि बर्फ पडायच्या आत मला तेवढे गॅरेजमध्ये न्या. पुढच्या अधिवेशनात माझ्याखाली दोन खुर्च्या लागणार आहेत.