कुंकू लागलेली टोपी

मित्रांनो, बाहेर ऊन असेल आणि तुम्ही उघड्या डोक्याने निघाला असाल, तर आधी डोक्यावर काहीतरी घ्या. माझी गोष्ट मागाहून वाचली तरी चालेल. मी एक जुनी टोपी आहे, आणि काळजी करणं हा आता माझा स्वभावच झाला आहे.

माझा जन्म धुळ्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. उषाताई नावाच्या बाईने मला मशीनवर शिवलं. फिकट बदामी रंगाचं सुती कापड, चहूबाजूंनी रुंद कड, हवा खेळावी म्हणून दोन्ही अंगांना भोकं आणि हनुवटीखाली बांधायची दोरी, असं माझं रूप. कडेवर उषाताईने गोल गोल सात फेऱ्या टाके घातले. "कड लवली की टोपी गेली," असं ती स्वतःशीच म्हणायची. ते बोल मी मनात जपून ठेवले आहेत.

तिथून मी बसस्टँडजवळच्या कुंदनच्या हातगाडीवर आले. कितीतरी दिवस मला कोणी हात लावला नाही. पोरं यायची, काळ्या कॅप घालून मोबाईलमध्ये तोंड बघायची आणि जायची. मी आपली कोपऱ्यात धूळ खात पडलेली. मला वाटायचं, माझा जन्म फुकट गेला.

मग फाल्गुनात एक दिवस भागाबाई आली.

भागाबाई एरंडोलजवळच्या एका खेड्यातली. बाई बोलायला अगदी हळू. रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट घ्यायची नाही, मंगळवारी देवीचा उपास, चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीचं दर्शन. तिच्या मालकांचं नाव झुलाल नाना. नानांनी सप्तशृंगी देवीला बोललं होतं की सात वर्षं चैत्रात गडावर पायी येईन. सहा वर्षं झाली होती. पण मागच्या वैशाखात नाना भर दुपारी शेतात चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा ऊन लागलं तर जीवावर बेतेल." नवस तर मोडायचा नाही आणि माणूस तर जपायचा, अशा कात्रीत ती सापडली होती. म्हणून तिने ठरवलं, नाना जातील, आपण सोबत जाऊ, आणि त्यांच्या डोक्यावर चांगली टोपी असेल.

"भाऊ, या पाच टोप्या जरा उन्हात मांडता का?" ती कुंदनला म्हणाली.

"मावशी, टोपी घ्यायची का पापड वाळवायचे?"

ती हसली नाही. सावलीत बसून तिने जपाची माळ काढली. एकशेआठ मणी होईपर्यंत आम्ही पाचही जणी उन्हात. माळ संपली तशी ती उठली आणि एकेका टोपीच्या आत तिने तळहात घातला. काळी कॅप तव्यासारखी तापली होती. शिवाय तिला पुढे नुसता छज्जा, कान आणि मान उघडीच. प्लास्टिकच्या टोपीत वाफ कोंडली होती. गवताची टोपी छान गार होती, मला तिचा हेवाच वाटला. पण भागाबाईने ती दुमडून पाहिली तर एक काडी कट्कन मोडली. "आठ दिवस झोळीत कोंबायची आहे. ही दुसऱ्या दिवशीच मोडेल." चौथी पांढरी टोपी, तसली तर नानांच्या डोक्यावर जन्माची होतीच, दोन बोटं उंच आणि कानाला सावली नाही ती.

शेवटी माझा नंबर आला. तिने आत हात घातला आणि बराच वेळ ठेवला. मग बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतलं, पिळलं, पुन्हा हात लावून पाहिला. मग दोरी ओढली.

"दोरी कशाला बघता मावशी? फॅशनची असते ती."

"आग्रा रोडनं ट्रक जातात, भाऊ. टोपी उडाली की माणूस तिच्यामागं धावतो. पुढचं बघत नाही."

 कुंदनने मला चांगलं झटकून तिच्या हातात दिलं. मित्रांनो, निवडून घेतलं जाणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

पण पुढे जे झालं ते कोणी दुष्टपणाने केलं नाही. भक्तीनेच केलं. निघायच्या आदल्या दिवशी भागाबाईने मला देव्हाऱ्यात देवीच्या पायाशी ठेवलं. हळद-कुंकू लावलं, दोरीला लाल नाडा बांधला आणि हात जोडले, "आई, यांच्या डोक्यावर तुझी सावली राहू दे." रात्रभर समईच्या उजेडात मी फुगून बसले. मला वाटलं, मी टोपी नाही, मी मुकुट झाले.

सकाळी तिने मला नानांपुढे धरलं. नाना दोन पावलं मागे सरले.

"ही आते देवीनी शे," ते घरच्या बोलीत म्हणाले, म्हणजे आता ही देवीची आहे. "घामेजेल डोकावर कसी घालू? पाप लागी."

 त्या घराचा नियमच तसा, आणि तो भागाबाईनेच घातलेला. देवीच्या पायाचं काही असलं की ते जमिनीला टेकवायचं नाही, उष्टं करायचं नाही. आता आपल्याच नियमाला ती काय म्हणणार? नानांना तर बरंच झालं. एवढ्या रुंद कडेची साहेबी टोपी घालायला ते आधीच लाजत होते. त्यांनी मला कोऱ्या फडक्यात गुंडाळून झोळीत ठेवलं आणि आपली पांढरी टोपी चढवली.

असे आम्ही निघालो. तीस-चाळीस माणसं, पुढे देवीचा फोटो लावलेला टेम्पो, मागे टाळ्या आणि जयजयकार. पारोळा गेला, धुळं आलं. मी फडक्याच्या अंधारात. दर थोड्या वेळाने भागाबाईचा आवाज यायचा, "पानी प्या ना. ओला रुमाल घ्या ना मानवर." आणि नाना म्हणायचे, "काई नही व्हत माले." झोळीतून मला त्यांच्या पाठीची ऊब कळायची. रोज ती थोडी वाढत होती. मी ज्या कामासाठी शिवली गेले ते काम माझ्यापासून हातभर अंतरावर तापत होतं, आणि मी कुंकू लावून झोपले होते.

सोबत धुरपदाबाई नावाची एक सत्तरीची म्हातारी होती. डोक्यावर ओला टॉवेल आणि तोंडात सदा टोमणा. ती म्हणायची, "नाना, झोळीमा काय शे? दहीनं भांडं शे का? लई जपी ऱ्हायना!"

"देवीनी टोपी शे, अक्का."

"देवीले ऊन लागस का नानाले?" असं म्हणून ती पुढे जायची. सगळे हसायचे. भागाबाई मात्र हसत नसे. तिची पावलं तेवढी जड व्हायची, मला ऐकू यायची.

धुळ्याच्या पुढे ज्या दिवशी लळिंगचा घाट चढायचा होता, त्या दिवशी आरती लांबली. एरवी पहाटे निघून दहाच्या आत मुक्काम गाठायचा असा रिवाज. पण एका गावकऱ्याने भंडारा ठेवला होता, नाही कसं म्हणायचं? निघायला साडेनऊ झाले. टेम्पो सामान घेऊन पुढे गेला. घाट चढून वर आलो तेव्हा सूर्य डोक्यावर. रुंद रस्ता, कडेला एक झाड नाही. ट्रक गेला की भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा यायचा.

मला नानांची पाठ कळत होती. आधी फडकं घामाने ओलं असायचं. आता ते कोरडं झालं. मित्रांनो, घाम थांबणं हे बरं लक्षण नाही, टोपीलाही ते कळतं. त्यांचं पाऊल एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे. मग ते थांबले आणि म्हणाले, "भागा, बैलं सोड्यात का?"

ते बैल दहा वर्षांपूर्वी विकले होते.

"आयका ना," भागाबाई म्हणाली.  "टोपी घाला. तुमना पाया पडस, टोपी घाला."

"देवीनी शे ती." एवढं मात्र त्यांच्या ध्यानात होतं.

मग तिने झोळीत हात घातला. फडकं सुटलं आणि मला एकदम उजेड दिसला. मला वाटलं, आता मी नानांच्या डोक्यावर जाणार. पण तिने मला स्वतःच्या डोक्यावर घातलं. पदरावरून, कुंकवासकट, कानापर्यंत ओढून.

सगळी माणसं थांबली. आमच्याकडे नऊवारी-सहावारीतली बाई अशी टोपी घालत नाही. कोणीतरी फिस्सकन हसलं, "भागाअक्का मडम व्हयनी रे!"

 ती ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली, ते फक्त मला ऐकू आलं. "आई, यांना उभं कर. पुढच्या वर्षी मी एकटी पायी येईन." मग तिने मला काढलं आणि ती मोठ्याने बोलली. इतक्या मोठ्याने बोललेलं तिला कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"आते ही देवीनी नही. मी घाली, उष्टी करी टाकी. पाप लागी ते माले लागी. घाला आते!"

तिने बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतलं आणि मला नानांच्या डोक्यावर चढवून दोरी बांधली. नानांनी हात वर केला नाही. कदाचित ऐकलं असेल, कदाचित तेवढी शक्ती उरली नसेल. मी त्यांच्या कपाळाला टेकले आणि घाबरले. उन्हात ठेवलेल्या काळ्या कॅपसारखं ते कपाळ होतं.

दोघांनी त्यांना धरून पुढच्या पुलाखालच्या सावलीत नेलं. धुरपदाबाईने आपला टॉवेल त्यांच्या मानेवर पिळला. माझ्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतलं. पोरांनी फोन करून टेम्पो मागे बोलावला आणि डॉक्टरही आणला. सगळं मी केलं असं मी म्हणणार नाही. पण सावली, पाणी आणि मी, तिघांनी मिळून ते ऊन उतरवलं. दिवस कलताना नानांच्या कपाळाला घाम आला. तो माझ्या आतल्या पट्टीत मुरला. मुकुट झाल्यापासून ज्या घामाला मी विटाळ समजत होते, त्याच्या पहिल्या थेंबासाठी मी केवढी आसुसले होते!

डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती सांगितली, ती घेतली. पुढे फक्त सकाळ-संध्याकाळ चालायचं ठरलं. नाना मला घालून गडावर पोचले. देवीपुढे त्यांनी मला उतरवून हातात धरलं. भागाबाई मात्र खाली मान घालून बाजूला उभी होती.

"काय व्हयनं वं?" धुरपदाबाईने विचारलं.

"अक्का, देवीनी वस्तू मी उष्टी करी. आई रागावनी व्हई."

"देवीना आंगवरनं लुगडं परसाद म्हनीसन भेटनं, ते तू नेसस का पेटीमा ठेवस?"

"नेसस."

"मंग?" म्हातारी म्हणाली आणि प्रसादाच्या रांगेत पुढे घुसली.

गावात परत आल्यावर माझं फार कौतुक झालं. टोपीने नाना वाचले म्हणून माणसं बघायला आली. कोणी हार घातला, कोणी फोटो काढला. मग कोणीतरी म्हणालं, हिला जपायला हवं. झालं! मला काचेच्या कपाटात, स्टीलच्या पेल्यांशेजारी बसवलं. नवस फिटला होता, नानांना कुठे जायचं नव्हतं. ते सकाळी पांढरी टोपी घालून शेताकडे निघायचे आणि मी काचेतून पाहत राहायचे. किती दिवस कावरीबावरी राहिले असेन, सांगता येत नाही. काचेला तोंड नसतं आणि टोपीलाही.

मग यंदाचा चैत्र आला. भागाबाईने एक दिवस दारात बसून नानांना तो पुटपुटलेला नवस सांगितला.  त्यांना डॉक्टरांनी पायी जायला मनाई केली होती. सोबत जाणं शक्य नव्हतं.

"डोकावर काय घेशी?" त्यांनी विचारलं.

"पदर शे ना."

नाना उठले. कपाट उघडलं. माझ्यावरचा वाळका हार काढून तुळशीत ठेवला. मग त्यांनी मला आपल्या डोक्यावर घातलं, घटकाभर तसंच ठेवलं, काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"घे. उष्टी करी दिन्ही. आते घाल."

मित्रांनो, तुम्ही लांबच्या उन्हात निघाल तेव्हा टोपी अशी निवडा, जशी भागाबाईने निवडली. उन्हात ठेवून आत हात घालून पाहा. कान आणि मान झाकते का, भिजवता येते का, दोरी आहे का, ते बघा. आणि घरी नेल्यावर तिची पूजा करत बसू नका. तिला मळू द्या. आम्हा टोप्यांना मळण्याची भीती नसते. कोरं राहण्याची असते.

हे मी तुम्हाला पुलाखालून सांगते आहे, लळिंगचा घाट चढून आल्यावरच्या त्याच पुलाखालून. कड थोडी लवली आहे, पण उषाताईचे सात टाके अजून धरून आहेत. कुंकवाचा डाग घामात विरघळून पसरला आहे. भागाबाई पाणी प्यायली, तिने मला भिजवून पदरावरून घातलं आणि ती उठली. ट्रक आला की ती एका हाताने माझी कड धरते. खरं तर धरायची गरज नाही, दोरी घट्ट आहे. पण ती धरते, आणि मलाही मग जरा कमी काळजी वाटते.