तिरका छेद

“फोटो छान आलाय हं श्रीरंगचा,” मृणालिनी म्हणाली आणि गावातलं साप्ताहिक तिने नेमकं गिरीशच्या पोह्यांच्या बशीला टेकवून ठेवलं.

गिरीशने आधी पोहे संपवले. मग चहा संपवला. मग, जाहिराती बघायच्या होत्या अशा चेहऱ्याने, त्याने पान उलटलं.

श्रीरंग टिपणीस अर्ध्या पानावर हसत होता. त्याच्या तळहातावर चांदीचं एक बारीक वळं होतं. मथळा असा होता की, ईडन प्रेरीच्या निवृत्त डॉक्टरांना दोनशे वर्षांपूर्वीचा दागिना सापडला. खाली सविस्तर होतं: नदीकाठच्या जुन्या सफरचंदाच्या बागेत, मेटल डिटेक्टरने, अवघ्या तिसऱ्या आठवड्यात. फरचे व्यापारी मूळ रहिवाशांना कातड्यांच्या बदल्यात जे चांदीचे दागिने, ‘ट्रेड सिल्व्हर’, देत, त्यांपैकी बहुधा एक. रविवारी दुपारी हिस्टॉरिकल सोसायटीच्या म्युझियममध्ये अनावरण, कॉफी आणि लेमन बार्स.

“तिसऱ्या आठवड्यात,” गिरीश म्हणाला.

“वाचलं मी.”

“माझ्या मशिनने.”

“तूच दिलंस.”

दिलं होतं खरं. दोन वर्षांपूर्वी श्रीरंगची बायको सुलेखा गेली आणि तो दिवसभर घरात टीव्हीसमोर बसून राहायला लागला, म्हणून गेल्या महिन्यात गिरीशने आपलं जुनं मशिन त्याच्या गराजमध्ये नेऊन ठेवलं होतं. दया करताना माणसाने जरा मागचापुढचा विचार करावा. गिरीशला वाटलं होतं, हा चार-सहा बाटल्यांची झाकणं उकरेल, पाठ धरेल, कंटाळेल. आयुष्यभर ऑपरेशन टेबलावर लोकांना झोपवण्याचं काम केलेला माणूस. त्याला जमिनीखालचं काय जागं करता येणार!

स्वतः गिरीश आठ वर्षं खणत होता. एकतीस वर्षं थर्मोस्टॅटच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेला माणूस. सुताएवढा फरक असला तरी सुटा भाग बाजूला काढायचा, हा धर्म. निवृत्तीनंतर तोच धर्म त्याने मातीत नेला. प्रत्येक खड्ड्याची नोंद, खोली, जुना नकाशा, कुणाची परवानगी. मिळकत: झाकणं, कॅनच्या कड्या, ट्रॅक्टरचे बोल्ट आणि एकदा, फक्त एकदा, रेल्वे कामगाराच्या डगल्याचं पितळी बटण. त्या बटणावर त्याने चार महिने घालवले होते. कारखाना शोधला, साल शोधलं, शिरगणतीच्या याद्यांतून त्या वस्तीतले सात रेल्वे कामगार काढले आणि सतरा पानांचा अहवाल हिस्टॉरिकल सोसायटी सांभाळणाऱ्या कॅरलला नेऊन दिला. कॅरलने उत्तरात ‘थँक यू सो मच’ लिहून पुढे हसरा चेहरा काढला आणि बटण खणात ठेवलं. ते अजून खणात होतं.

“बघू तरी काय दिवे लावलेत,” असं म्हणून त्याने कारखान्यातलं भिंग आणलं आणि फोटोवर धरलं.

वळ्यावर तीन दाणे होते. मागच्या बाजूला ते कापलेलं होतं आणि तो छेद तिरका होता. बातमीत कॅरलचं मत दिलं होतं: असा छेद म्हणजे वसाहतींच्या सीमेवरच्या कारागिराच्या हाताची खास खूण.

गिरीश बराच वेळ भिंग हलवत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, “तुझं ते एकटं राहिलेलं जोडवं कुठंय गं?”

मृणालिनीने कुंकवाच्या जुन्या करंड्यातून ते काढून आणलं. तीन दाणे. मागे छेद. तिरका.

एकोणीसशे शहाऐंशी. मुलगा कुश पोटात होता तेव्हा मृणालिनीचे पाय सुजले, जोडवी निघेनात. बाहेर बर्फ, आणि पुण्यातला सराफ पुण्यात. गिरीशने गराजमधली पकड आणली, दोन्ही जोडवी कापली, फाकवली, नेलकटरच्या कानशीने कडा घासल्या. एकही छेद सरळ आला नव्हता. पुढच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाची पिकनिक सफरचंदाच्या याच बागेत होती. बाग तेव्हा ऑफिसातल्या ओल्सनच्या वडिलांची होती. बायकांनी अनवाणी लंगडी घातली आणि मृणालिनी एका पायातल्या जोडव्याशिवाय घरी आली.

“तू कापलंस म्हणून सैल झालं होतं,” ती म्हणाली. सदतीस वर्षांत हे वाक्य तिने गहाळ होऊ दिलं नव्हतं. मग ती फोटो बघून खो-खो हसायला लागली. “दोनशे वर्षं! अरे, इतकी म्हातारी दिसते का मी?”

गिरीश हसत नव्हता. तो उठून कॉम्प्युटरपाशी गेलाही होता.

रविवारपर्यंत नऊ पानं तयार झाली. पिकनिकचा तारीख उमटलेला फोटो, त्यात पदर खोचून एका पायावर उभी मृणालिनी. दोन्ही छेदांची तुलना, मोठ्या आकारात. निष्कर्ष एका ओळीत.

“कशाला जातोस?” मृणालिनीने विचारलं. “बिचारा दोन वर्षांनी माणसांत आलाय.”

“लेबल चुकीचं आहे. उद्या शाळेची मुलं येऊन वाचतील.”

“तुला लेबल खुपतंय की त्याचा फोटो?”

“लेबल.”

“बरं,” ती म्हणाली. “मी नाही येत. त्या काचेसमोर मला हसू आवरणार नाही.”

सोसायटीचा हॉल भरला होता. चाळीसेक माणसं असतील, गिरीशने मोजली. त्याच्या बटणाला एकही आलं नव्हतं. मधोमध काचेची पेटी, आत निळी मखमल, तिच्यावर मृणालिनीच्या पायातलं जोडवं आणि वर खास दिवा.

“गिरीशकाका! इजन्ट इट अमेझिंग?” श्रीरंगची मुलगी अनिका शिकागोहून आली होती. “बाबा इज लाइक अ सेलिब्रिटी!”

“सो प्राउड,” गिरीश म्हणाला. कोटाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीतलं जोडवं त्याने बोटाने चाचपलं.

श्रीरंगने त्याला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं. नवा शर्ट, इस्त्रीसकट.

“लेका, तुला एक सांगायचंय. कुणाला बोलू नकोस. ते ट्रेड सिल्व्हर-बिल्व्हर काही नाही.”

गिरीशला खिशातली नऊ पानं आठवली. ती वाया जाणार की काय?

“जोडवं आहे ते,” श्रीरंग म्हणाला. “सुलेखाचं. मंडळाच्या पिकनिकला लंगडी घातली होती ना बायकांनी, तेव्हा पडलं. घरी येईपर्यंत रडत होती कारमध्ये. मी म्हटलं, अगं दुसरं आणू. आणलं नाहीच. राहून गेलं.”

“तुला... कसं कळलं?”

“म्हणजे काय? माती पुसली नि कळलं. बायकोचं जोडवं ओळखायला येत नाही का माणसाला?”

गिरीशचा हात खिशातच राहिला.

“मग यांना का दिलंस?”

श्रीरंगने अनिकाकडे बघितलं. ती कॅरलसोबत सेल्फी काढत होती. “पोरगी गुणाची आहे रे. पण सुलेखाचं कपाट तिने दोन वीकएंडमध्ये आवरलं. साड्या, डबे, सगळं डोनेट. माझ्यामागे हे एवढंसं कुठे राहणार? कॅरल म्हणाली, ट्रेड सिल्व्हर असेल. मी म्हटलं, असेल. काचेत राहील, वर दिवा राहील. खाली नाव नाही, तेवढं चालेल.”

गिरीश काचेकडे बघत राहिला आणि त्याच्या मनात जे आलं ते त्याला स्वतःलाही आवडलं नाही. त्याला पुन्हा या माणसाचा हेवा वाटला. फोटोचा वाटला होता त्याहून जास्त. चुकीचं का होईना, श्रीरंगने माती पुसताक्षणी बायकोचं जोडवं ओळखलं होतं. गिरीशला भिंग लागलं होतं. आणि भिंगातूनही त्याने ओळखला तो स्वतःचा छेद.

श्रीरंगचं भाषण पाच मिनिटांत संपलं. टाळ्या झाल्या. मग कॅरल उत्साहाने म्हणाली की, आपले आणखी एक संशोधक इथे आहेत, रेल्वेच्या बटणवाले. त्यांचं मत ऐकू या.

बटण आठवत होतं तर तिला! चाळीस माना वळल्या. आठ वर्षं जिची वाट पाहिली ती शांतता हॉलमध्ये पसरली. गिरीश उठला. डाव्या खिशात नऊ पानं, उजव्यात जोडवं. श्रीरंग त्याच्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त.

“छेद तिरका आहे,” गिरीश इंग्रजीत म्हणाला.

कॅरलने मान डोलावली.

“क्वालिटी कंट्रोलमध्ये मी हा रिजेक्ट केला असता. कारागीर नवशिका होता आणि हत्यार या कामाचं नव्हतं.” तो थांबला. “पण जिच्यासाठी कापलं तिला दुखू नये म्हणून कडा मात्र घासल्यात. नीट घासल्यात.”

लोक कौतुकाने हसले. कॅरलने ते लिहून घेतलं.

घरी मृणालिनी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

“झालं समाधान?”

“नाही दाखवलं.” त्याने पिशवी टीपॉयवर ठेवली. “तो म्हणतो, सुलेखाचं आहे.”

तिने पाय खाली घेतले. मग म्हणाली, “तिचं पडलं होतं खरं त्या दिवशी. दोघी गवतात शोधत होतो. तिचं शोधता शोधता माझं कधी गेलं, कळलंच नाही.” आणि मग, “म्हणजे तिचं अजून तिथेच असेल.”

“असेल.”

“शोधशील?”

“शोधलं तर सांगावं लागेल ना, काचेतलं कुणाचं ते.”

गिरीश गालिच्यावर बसला. आठ वर्षं मातीत गुडघे टेकून त्याला सवय झाली होती. “पाय दे,” तो म्हणाला.

“कशाला?”

“दे तर.”

जोडवं पेरापर्यंत गेलं आणि अडलं. तो गराजमध्ये जाऊन पकड घेऊन आला, तीच, लाल मुठीची. कापड गुंडाळून त्याने छेद बेताने फाकवला. जोडवं बसलं. मृणालिनीने दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले: एका बोटात चांदी, दुसरं मोकळं.

“एकाच पायात विचित्र दिसतं.”

“कुणी विचारलं तर सांग, दुसरं म्युझियममध्ये आहे.”

“इथे माझ्या पायाकडे बघणारंय कोण?”

गिरीशने पकड बाजूला ठेवली. भिंग टेबलावर होतं; ते आणायला तो उठला नाही. तिचा मोकळा पाय तळहातावर घेऊन तो बघत बसला.