अळणी चकली

आश्विन सरत आला होता. कृष्णेच्या पाण्यावर पिवळे, पिकले, परिपक्व ऊन पसरले होते. कऱ्हाडच्या आकाशाला सफेदी देऊन झाली होती आणि कॉलनीच्या भिंती आपला नंबर कधी लागतो म्हणून वाट पाहत होत्या.

त्या सुवर्णवर्णी, तळणगंधी दिवसांत कुमुदिनी खिडकीशी बसली होती. देहात कर्करोग, शिरेत केमोचे औषध, जिभेवर चवीचा दुष्काळ. नवऱ्याच्या, भालचंद्राच्या, पगाराचे मात्र छान चालले होते; पगार येई, थेट दवाखान्यात जाई, घराकडे वळूनही बघत नसे.

"अहो, फराळाचं काय?"

"यंदा राहू दे. लोक समजून घेतील."

समजून घेतील! कुमुदिनीला आजाराची भीती नव्हती. भीती होती ती लोकांच्या समजूतदारपणाची. समजूतदार लोक आधी आवाज खाली आणतात, मग मान, मग डबे. आणि डबे घेणारे हात हळूहळू हात राहत नाहीत, नुसती ओंजळ होतात.

"एकच पदार्थ करू," ती म्हणाली. "चकली. शेजारून आलेलं ताट रिकामं परत करत नाहीत. चकली जाईल, लाडू येतील, करंज्या येतील."

"हे मागून खाणं नव्हे का?"

"याला व्यापार म्हणतात."

मग भाजणी भिजली. चवीला मुकलेल्या जिभेच्या बाईने हाताच्या अंदाजाने मीठ घातले. भालचंद्राने सोऱ्या दाबला; काटेरी, कुंडलाकार, कनककांती चकल्या कढईत फिरू लागल्या. नैवेद्याआधी चाखायचे नाही, म्हणून त्याने चाखली नाही. नैवेद्यानंतर चाखली आणि पत्नीव्रताला जागून गप्प राहिला.

ताटे गेली. ताटे आली. शुभ्र करंज्या आल्या, मौक्तिकमंडित लाडू आले, शंकरपाळ्यांच्या राशी आल्या. व्यापार तेजीत होता.

पण ताटांबरोबर स्तुतीही आली. मऊ, मंद, मखमली स्तुती. "काय सुंदर चकली!" "अमृत हो, अमृत!" गेल्या दिवाळीत याच बायकांनी तिच्या चकलीला तेलकट म्हटले होते. कुमुदिनीचा चेहरा हळूहळू मावळत गेला. इतके एकमत फक्त शोकसभेत होते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून द्वारकाकाकू उतरल्या. फराळाच्या रणांगणातल्या तिच्या जुन्या प्रतिस्पर्धी. हातात अनारशांचे ताट, आवाजात दसऱ्याचा ढोल.

"कुमुदे! मीठ घालायला विसरलीस का गं? इतकी अळणी चकली जन्मात खाल्ली नाही मी! पथ्य तुला आहे, आमच्या तोंडाला कशाला?"

भालचंद्र भिंतीहून पांढरा पडला.

कुमुदिनीने ताटातला एक अनारसा उचलला, उजेडाकडे धरला, निरखला.

"आणि याला जाळी कुठंय हो, काकू?"

काकूंनी आपल्याच अनारशाकडे पाहिले. मग दोघी हसल्या; खळखळून, कडकडून, कपाटातली भांडी किणकिणेपर्यंत हसल्या. हसता हसता कुमुदिनीच्या डोक्यावरचा रुमाल खांद्यावर घसरला. तिने तो सावरला नाही.

त्या गोल, नितळ, निष्केश मस्तकावर आकाशकंदिलाचा केशरी उजेड ओघळला, थबकला, झळाळला. घरोघरची पितळी भांडी चिंचेने घासून झाली होती. पण इतके लख्ख, इतके तेजस्वी, इतके दिमाखदार भांडे त्या संध्याकाळी अख्ख्या कॉलनीत दुसरे नव्हते.