खडूची रेघ

"अंगात कुठं लोखंड आहे का?" स्कॅनच्या खोलीतल्या बाईंनी विचारलं.

"कालच तुम्ही टोचलंत की!" वेल्डरबाई म्हणाली.

बाई हसल्या, पण डोळ्यांचा एक्स-रे काढल्याशिवाय त्यांनी तिला मशीनमध्ये पाठवलं नाही. उभा जन्म ठिणग्यांत गेलेला. डोळ्यात एखादा कण रुतला असेल तर मशीनचं चुंबक त्याला ओढणार. कण नव्हता. सुईतून गेलेलं लोखंड निराळं, धुळीहूनही बारीक. निरोगी ग्रंथी ते गिळतात, कर्करोग शिरलेल्या गिळत नाहीत. स्तन द्यायला ती तयार झाली होती. पण काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या तर हात सुजेल, वेल्डिंग सुटेल, हे कळल्यावर ती हटून बसली. आधी बघा, मग कापा.

पडद्यावर चित्र आलं. काखेतले काळे ठिपके पाहून सोबत आलेल्या वहिनीचा धीर सुटला.

"अगं बाई, सगळीकडे पसरलंय हो! एकच तेवढा पांढरा राहिलाय बिचारा."

"उलट आहे," डॉक्टर म्हणाले. "काळ्यांनी लोखंड घेतलंय, त्या चांगल्या. ती पांढरीच वाईट."

वहिनी त्या बिचाऱ्या ठिपक्याकडे रागानं पाहू लागली. वेल्डरबाई पडद्याजवळ सरकली. एक होती तर.

"तरी सगळ्या काढणंच सुरक्षित," डॉक्टर म्हणाले. "अगदी बारीक काही असलं तर यातही दिसत नाही."

"गंजलं तेवढंच कापा. अख्खं दार भंगारात घालणारी मी नव्हे."

"हे दार नाही, बाई. उलटलं तर?"

"वन्सं, ऐका ना त्यांचं," वहिनी रडकुंडीला आली.

"घाबरलेय मी, नाही असं नाही. उलटलं तर माझं मी बघेन. पण हात देणार नाही."

डॉक्टरांनी कागदावर फक्त त्या पांढऱ्या ग्रंथीची नोंद केली. "बरं. पण नंतरची एकही तपासणी चुकवायची नाही."

ऑपरेशनच्या सकाळी तिनं हात वर केला आणि कारखान्यातून आणलेल्या खडूनं काखेत गोल काढला. रेघ मारल्याशिवाय तिथं कुणी गॅसकटर पेटवत नसे.

"चुकलंय," डॉक्टर म्हणाले. "ती आणखी वर आहे."

तिनं खडू त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तिचा गोल पुसून वर एक लहानसा काढला. वहिनीच्या आरशात तिनं तो नीट पाहून घेतला.

"याच्या बाहेर जायचं नाही," ती म्हणाली, आणि रेघ पुसली जाऊ नये म्हणून हात तसाच वर धरून स्ट्रेचरवर आडवी झाली.