सातपुड्यापर्यंतचं चित्र

नव्व्याण्णव सालचा मे. सकाळी लोटननं सावद्याच्या मळ्यातून फोन केला, तेव्हा कोकिळानं संगणकावरचं उपग्रहाचं चित्र पाहून धाकट्या भावाला सांगितलं होतं, "आभाळ मोकळं आहे. मजूर बायका बोलाव, केळीचे घड कापून घे." आईही मळ्यात गेली होती.

दुपारी जळगावच्या शेती सल्ला केंद्रात, आपल्या कामाच्या टेबलावर, तिनं तेच पान पुन्हा उघडलं. कोपऱ्यातली तारीख वाचली.

"पितांबर, हे कालचं चित्र आहे!"

"संगणकाच्या साठवणीतलं आहे ताई," ऑपरेटर म्हणाला. "इंटरनेट लावलं की फोन अडकतो, साहेब ओरडतात."

"आत्ता लाव."

मोडेम किंचाळला. चित्र वरून ओळीओळीनं उतरू लागलं. काश्मीर. दिल्ली. राजस्थान. ते पुरं होईस्तोवर मळ्यात फोन लागणार नव्हता. मग सातपुड्याच्या वरच्या अंगाला वादळी ढगाचा एक घट्ट पांढरा गोळा उमटला. गेल्या वर्षीच्या साठवणीतल्या एका चित्रात असाच गोळा होता. त्या दिवशी यावलकडच्या केळी आडव्या झाल्या, आणि खोडाखाली सापडून एक मजूर बाई गेली.

"तोड."

"खानदेश अजून उतरलाच नाही! अर्ध्या चित्रावर काय सांगणार?"

कोकिळानं स्वतःच मोडेमची तार उपटली आणि नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. मग आईचा आवाज आला.

"कोकिळे? अवं, धुळीनं काही दिसत नाही."

"लोटन कुठंय? बायका?"

"बाया आल्या खोलीत. एक मांगं राह्यली, तिले आणाले गेला तो."

आईच्या आवाजामागं खोडं मोडत होती. एक, मग एकदम कितीतरी. आई दाराकडे तोंड करून ओरडली, "लोटन! ए लोटन!" कुणी ओ देईना. कोकिळानं रिसीव्हर कानात रुतेल इतका दाबला. सकाळचं आपलंच वाक्य तिला ऐकू येत होतं.

दार आपटलं. कुणीतरी धापा टाकत होतं.

"अक्का," लोटन म्हणाला, "तुह्या डब्यात अजून ऊनच हाय का वं?"

"ती बाई?"

"आणली. माय, बाया, मी, बठ्ठे स्लॅबखाली हाओत. पण बाग..."

फोन मुका झाला.

"चित्र पुन्हा लावू का?" पितांबरनं हळूच विचारलं.

"नको." ती सावद्याचा नंबर फिरवत राहिली. खिडकीतलं ऊन पिवळं पडत चाललं होतं.