पाठवणाऱ्याचं नाव

"ताई, हे पान तेवढं बदला," साहेब म्हणाले आणि त्यांनी नोंदवही भोंगाताईंपुढे दोन बोटांनी सरकवली, वहीत झुरळ चिरडलेलं असावं तशी.

"का? माझं अक्षर लागत नाही?"

"लागतं हो. तीच तर पंचाईत आहे."

धरणाच्या इशारा कक्षात दर पाळीला नोंदवही लिहायची पद्धत होती. पाण्याची पातळी, उघडलेले दरवाजे, आलेले फोन आणि शेवटी 'विशेष'. बाकीचे लोक 'विशेष'पुढे 'काही नाही' लिहून मोकळे होत, तेही पाळी सुरू होतानाच, म्हणजे जाताना घाई नको. भोंगाताई विशेष असेल तरच लिहीत आणि असेल तर सगळं लिहीत. आज त्यांनी लिहिलं होतं: 'संगणकावर पाहुण्यांना दाखवण्यासाठीचं जे खातं आहे त्याला फक्त बघायची परवानगी आहे. तरीही जतन केलेल्या पत्त्यावरून थेट गेल्यास त्यातून इशारा पाठवण्याचं पान उघडतं आणि बटण चालू दिसतं. पाठवणारा म्हणून पाळीवरच्या माणसाचं नाव आपोआप येतं. आज माझं आलं. मी बटण दाबलेलं नाही.'

भोंगाताई हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. पूर्वी धरणावर खराखुरा भोंगा होता आणि त्याची कळ यांच्या हातात. बावीस वर्षांत त्यांनी तो अकरा वेळा वाजवला आणि अकराही वेळा पाणी आलं. खालच्या वस्तीतली माणसं भोंगा ऐकला की कारण विचारत बसत नसत, पोरंबाळं उचलून चढाला लागत. पुढे भोंगा भंगारात गेला, सॉफ्टवेअर आलं. आता एक बटण दाबलं की एक लाख चौऱ्याऐंशी हजार मोबाईल एकदम केकाटत. ताईंचं टोपणनाव मात्र कोणी भंगारात काढलं नाही.

साहेब नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत शिकाऊ म्हणून आले होते. पातळी वाचायला, दरवाज्यांचं गणित मांडायला आणि वरचा अधिकारी फोनवर ओरडत असताना जांभई गिळायला त्यांना ताईंनीच शिकवलं. तेव्हा त्या त्यांना 'अरे-तुरे' करत. बढती झाली त्या दिवशी ताई आपणहून 'साहेब' म्हणाल्या. 'असू द्या हो ताई, तू म्हणा' असं काही साहेब म्हणाले नाहीत. ज्याला माणसं वाचता येतात त्याने तिथेच काय ते वाचलं असतं. ताईंना पाण्याची पातळी वाचता येत होती.

"उद्या वरून तपासणी आहे," साहेब म्हणाले. "सॉफ्टवेअर घेतलं माझ्या शिफारशीवरून. त्यांनी हे वाचलं की पहिली मान माझी. मी कंपनीला सांगतो ना, आजच सांगतो. तोंडी. का माझ्यावर भरवसा नाही तुमचा?"

एवढं विचारल्यावर बोलायला काय उरतं? पान खराब झालं तर ज्याने लिहिलं त्यानेच ते काढून पुन्हा लिहायचं आणि वर कारण टाकून सही करायची, असा कक्षाचा नियम होता. ताईंनी पान काढलं, 'विशेष' वगळून सगळं पुन्हा लिहिलं, आणि वर टाकलं: 'चहा सांडल्यामुळे पान बदलले.' वहीत मारलेली त्यांची ही पहिली थाप. तीही धड जमली नाही. ताई चहा पीतच नव्हत्या.

काढलेलं पान साहेबांनी घडी करून खिशात घातलं. "कंपनीला दाखवायला," म्हणाले.

सतराव्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, ताई वहीत पातळी लिहीत होत्या. काचेपलीकडच्या केबिनमध्ये साहेब दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी तालीम करत होते; पडद्याकडे बोट दाखवून रिकाम्या खुर्च्यांना काहीतरी समजावत होते. एकदम खोलीतले सगळे मोबाईल केकाटले. 'धरणाला धोका. ताबडतोब उंच जागी जा.' सगळ्यांनी मोबाईलकडे पाहिलं. शिपायाने, वायरमनने, ताईंनीही. साहेबांनी मात्र पाहिलं नाही. ते काचेतून ताईंकडे पाहत होते.

धरण जागच्या जागी होतं. ऊन पडलेलं होतं. ताईंनी सातव्या मिनिटाला 'धोका नाही' असा संदेश पाठवला, पण पळणारा माणूस मोबाईल वाचत पळत नाही. खालच्या वस्तीत एक निवृत्त मुख्याध्यापिका जिन्यावरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. बाकी खरचटणं-मुरगळणं किती झालं त्याची गणती नाही.

पडद्यावर पाठवणाऱ्याचं नाव होतं. ताईंचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"साहेब, हे तर तुमच्या..."

"ताई, आत्ता एक शब्द बोलू नका. मी बघतो."

साहेबांनी खरंच बघितलं. संध्याकाळच्या अहवालात 'पाळीवरील कर्मचाऱ्याची चूक' असं नीट बघून लिहिलं.

चौकशी समिती तिघांची होती. अध्यक्षबाई सोडून बाकीचे दोघे बहुधा कोरम भरायला आले होते. साहेब एका बाजूला, कंपनीचा इंजिनिअर त्यांच्या शेजारी. ताईंची खुर्ची समोर, एकटी.

"ही त्रुटी तुम्ही आधीच लिहून ठेवली होती म्हणता," अध्यक्षबाईंनी वही उघडली. "त्या तारखेला तर इथे चहा सांडलाय."

"सांडला नव्हता."

"सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे खोटं लिहिलंत?"

"हो."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"साहेबांच्या. आणि त्या दिवशी बटणही त्यांच्याच केबिनमधून दाबलं गेलं."

"ताई, असं काय करता?" साहेब म्हणाले. आवाज असा, की आजाऱ्याच्या उशाशी बसलेत. "मला तर असलं काही पान आठवत नाही. ताण येतो हो माणसाला, या वयात."

इंजिनिअर घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, बटण दिसत असेल. नावही दिसेल. पण त्या खात्यातून संदेश जाणार नाही. आमचा सर्व्हर अडवतो."

"अडवत नाही," ताई म्हणाल्या.

"तुम्ही दाबून पाहिलंत?"

"नाही."

"मग कशावरून?"

"गेला त्यावरून."

अध्यक्षबाईंना हसू आलं. त्यांनी ते कागदात लपवलं. "सरावासाठी चार-पाच फोनांची वेगळी यादी असेल ना? तिच्यावर बघू."

"ती वेगळी घ्यावी लागते," इंजिनिअर म्हणाला. "यांनी घेतली नाही."

"मग करूनच दाखवा ना, ताई," साहेब पुढे झुकून म्हणाले. "संगणक इथेच आहे. मी पाहुण्यांचं खातं उघडून देतो. तुम्ही बटण दाबा. गेला संदेश, तर तुमचं खरं. मी स्वतः तुमची माफी मागेन."

अध्यक्षबाईंनी थोडा विचार केला. "हवं तर आधी लाउडस्पीकरवरून वस्तीत सांगू. अर्ध्या तासात होईल?"

"होईल की," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

ताई उठल्या, चष्मा लावून संगणकापुढे बसल्या. चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि पान उघडलं. बटण चालू होतं. पाठवणाऱ्याच्या जागी आज पाळीवर असलेल्या मुलीचं नाव आलं होतं. नोकरीचं तिचं दुसरं वर्ष; खालच्या खोलीत ती या क्षणी पातळी लिहीत असणार. एक बोट खाली आलं की बावीस वर्षांचं नाव धुऊन निघणार होतं. ताईंनी बोट बटणापर्यंत नेलं.

मग त्यांनी हात मांडीवर घेतला.

"नाही दाबणार."

"आपण आधी सांगतोय ना सगळ्यांना?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"सगळ्यांना कधीच कळत नाही, बाई. आणि ज्यांना कळेल त्यांना एवढंच कळेल, की हा वाजला तरी उठायचं नसतं. अकरा वेळा वाजवला, अकरा वेळा पाणी आलं, म्हणून पळतात ती माणसं. एकदा खोटं झालंय. दुसऱ्यांदा मी नाही करणार."

"मग तुमचं म्हणणं सिद्ध होत नाही."

"नाही होत."

शेजारच्या सदस्याने पहिल्यांदाच पेन उघडलं आणि लिहिलं: 'सिद्ध करण्याची संधी दिली असता नाकारली.'

बाहेर व्हरांड्यात साहेब पाण्याचा ग्लास घेऊन आले. "मनाला लावून घेऊ नका. नोकरी जाणार नाही, ते मी बघितलंय. भांडारात बदली होईल. तीन वर्षं तर उरलीत." मग आवाज खाली आणून, जवळजवळ कौतुकानेच म्हणाले, "तुम्ही दाबणार नाही हे मला माहीत होतं."

"असणारच," ताई म्हणाल्या. "मीच शिकवलंय तुला. ते पान कुठाय रे?"

"कुठलं पान?"

ताईंनी ग्लास घेतला नाही.

यजमानांचं शिंप्याचं दुकान खालच्या वस्तीत होतं. ताई थेट तिथे गेल्या आणि स्टुलावर बसल्या. झालं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. यजमानांचा पाय मशिनवर थांबला.

"दाबायचं होतंस."

"हं."

"सगळं गाव तुला हसतंय. एक बटण तर होतं."

लेकीचा फोन येऊन गेला का ते बघायला ताईंनी यजमानांचा मोबाईल उचलला. वर कोपऱ्यात घंटेच्या चित्रावर आडवी रेघ होती. आणीबाणीचे इशारे: बंद.

"अहो, हे कधी बंद केलंत?"

"अं? ते..." यजमानांनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा आधीच ओवलेला होता. "त्याच आठवड्यात. गिऱ्हाइकं चिडवायची गं. 'वहिनींचा पुढचा कार्यक्रम कधी' म्हणून विचारायची. सगळ्या गल्लीने बंद करून टाकलंय."

"तुम्हीसुद्धा."

"आता तू तिथे नाहीस. पाठवणार कोण?"

"कोणीही," ताई म्हणाल्या.

त्यांनी इशारे चालू केले, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि मोबाईल मशिनवर ठेवला. मग पदर सारखा करून पायरी उतरल्या आणि शेजारच्या भांड्यांच्या दुकानापुढे उभ्या राहिल्या.

"भाऊ, मोबाईल द्या जरा. एक गोष्ट चालू करून देते."

भांडीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, आणि गल्ल्यावरचा मोबाईल उचलून खिशात टाकला. ताई हात पुढे करून उभ्याच राहिल्या.