कॅन्टीनचा डबा

शाल्मलीचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकोणीसला, तिच्या आईच्या छातीत गाठ निघाली. आई म्हणजे सुनीता, माझी धाकटी जाऊ. ऑपरेशन ग्वाल्हेरला झालं, पुढची औषधंही तिथेच. झाशीला घरी आली तेव्हा अंगावर मांस उरलं नव्हतं. मटणाचा वास नको, डाळीनं पोट फुगायचं. एकच गोष्ट घशाखाली उतरायची, सोयाबीनच्या वड्या. गरम पाण्यात भिजवून, पिळून, काळ्या मसाल्यात मी त्यांचा रस्सा करायचे. हळूहळू ती जिना चढू लागली.

माझे दीर दामोदर, सुनीताचे यजमान, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या बबीना छावणीतल्या कुणा दोस्तानं फोनवर मजकूर पाठवला, की सोयाबीननं बायकांची गाठ परत येते. भाऊजींनी बरणी उचलली आणि वड्या दारातल्या गाईपुढे ओतल्या.

"अहो, गाय पण बाईच आहे," सुनीता म्हणाली.

"थट्टा नको. वहिनी, आजपासून ही वस्तू घरात येणार नाही."

"मग हिनं खायचं काय, भाऊजी?"

"मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी ते फौजी कॅन्टीनमधून प्रोटीनच्या भुकटीचा मोठा डबा घेऊन आले. आमच्याकडे कॅन्टीनच्या वस्तूवर कुणी शंका घेत नाही, मग तो साबण असो की सुटकेस. रोज सकाळी ते स्वतः भुकटी दुधात ढवळायचे. सुनीता नाक दाबून प्यायची. बाकी जेवण मात्र सुटत चाललं.

"गाठीनं नाही, उपाशी मरेन मी," ती एकदा मला म्हणाली. भाऊजींनी ते ऐकलं आणि उठून बाहेर गेले. तिच्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते.

तपासणीला आम्ही सिविल लाइन्समधल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वजन उतरलं होतं. काय खाता, असं विचारल्यावर भाऊजींनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"सोयाबीन बिलकुल बंद है, मॅडम. ये देता हूँ."

बाईंनी डबा फिरवून वाचला. "सूबेदार साहब, ये सोयाबीन ही है. पीसकर भरा है."

भाऊजी खुर्चीत मागे सरले. "तो मैं इसे ज़हर पिला रहा था?"

"ज़हर किसने कहा?"

मग त्यांनी नीट समजावलं. सोयाबीनमधलं एक द्रव्य बाईच्या हार्मोनसारखं दिसतं, पण शरीरात तसं वागत नाही. वड्या, शिजवलेलं सोयाबीन, हे जेवणात नेहमी खाल्ल्यानं गाठ परत येते, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. फक्त तेवढंच खाऊन राहू नये. जोडीला दूध, भाजी, पचेल ती डाळ हवी. सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या मात्र मनानं घेऊ नयेत.

"लिखकर दीजिए," भाऊजी म्हणाले.

"बड़ी की सब्ज़ी लिखूँ?"

"जी. और नीचे दस्तख़त."

बाईंनी हसत लिहून दिलं. परतताना भाऊजींनी रिक्षा थांबवून वड्या घेतल्या. रात्री ते सुनीतासमोर बसून तिचा एकेक घास बघत राहिले.

"असं बघू नका, ठसका लागेल मला."

त्यांनी तिच्या ताटातली एक वडी उचलून तोंडात टाकली. "रबर आहे नुसतं."

"मग चावा की, दात कशाला ठेवलेत?"

पुढची पाच वर्षं ती नीट जेवली. दर तपासणीत छाती स्वच्छ निघाली. नंतर आमच्या मोहल्ल्यात डेंगू पसरला.

सुनीताच्या तेराव्याला साताऱ्याहून आलेली चुलत नणंद म्हणाली, "त्या वड्यांनीच घात केला म्हणतात, दामू."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"सगळ्यांना सांग, तिला गाठ नव्हती. ताप होता." आणि मग हळू आवाजात, "जेवून जा, ताई."

नातेवाइकांत अजून वेगळं बोललं जातं, म्हणून जे घडलं ते लिहिते. सुनीता दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आठवड्यात, डेंगूच्या तापानं गेली.